जॅक लावणे

आमच्या बँकेत 'जॅक' हा शब्द बदल्यांच्या हंगामात फार चालतो. "त्याने वरून जॅक लावला, म्हणून गडचिरोलीऐवजी ठाण्याला गेला," असे लोक दबक्या आवाजात बोलतात. खऱ्या, लोखंडी जॅकशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. मी पडलो बी. कॉम. माणूस. माझे यंत्रज्ञान स्टेपलरपाशी सुरू होते आणि पिना संपल्या की तेही संपते. पण आमच्या थोरल्या साडूंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आलेल्या पैशातून एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली आणि तिची सगळी देखभाल अंगणात स्वहस्ते करण्याचा पण केला. तेव्हापासून रविवारी सकाळी फोन येतो, "अहो, जरा हात लावायला या."

दीड टनाच्या वस्तूखाली डोके घालायचे तर आधी तिला उचलून धरणाऱ्याची कुळकथा माहीत हवी, असे माझे मत आहे. आम्ही दहा हजारांचे कर्ज देतानासुद्धा अर्जदाराच्या तीन पिढ्या विचारतो. साडूंना हे पटत नाही. ते म्हणतात, "तुम्ही पाना धरा."

तर कुळकथा. जॅक हे इंग्रजांकडे सोम्यागोम्याचे नाव, आपल्याकडच्या रामागड्यासारखे. पडेल ते काम करणाऱ्या माणसाचे नाव पुढे त्याचे काम करणाऱ्या अवजाराला चिकटले. पहिले जॅक स्क्रूचे. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांतही असे उचलयंत्र काढलेले आहे. स्क्रूच्या जॅकचा मोठा गुण म्हणजे आट्यांच्या घर्षणामुळे तो हात सोडला तरी जागचा हलत नाही. जुन्या पिढीतल्या हेडक्लार्कसारखा. वर चढायला वेळ लावील, पण चढला की उतरणार नाही.

या स्क्रूच्या जॅकने एकदा चक्क शहर उचलले आहे. अमेरिकेतले शिकागो तळ्याच्या काठी, जवळजवळ पाण्याच्या पातळीवर वसलेले. सांडपाणी वाहून जाईना, रोगराई माजली. गटारे घालायची तर रस्ते वर घ्यायला हवेत, आणि रस्ते वर घेतले की घरे खड्ड्यात. आपल्याकडे अशा वेळी समिती नेमतात. तिथल्या लोकांनी घरेच उचलायला घेतली. १८५८ साली एक चार मजली विटांची इमारत दोनशे जॅकांवर सहा फुटांहून वर घेतली. १८६० साली लेक स्ट्रीटवरची तीनशे वीस फूट लांबीची दुकानांची अख्खी रांग सहा हजार जॅकांवर, सहाशे माणसे लावून, पाच दिवसांत चार फूट आठ इंच वर गेली. वजन अंदाजे पस्तीस हजार टन. आत दुकाने चालूच होती! पुढच्या वर्षी ट्रेमाँट हाऊस हे मोठे हॉटेल पाहुण्यांसकट उचलले. दाराच्या पायऱ्या रोज उंच कशा होतात, असा एका पाहुण्याला प्रश्न पडला होता म्हणे. हे काम करणाऱ्यांत जॉर्ज पुलमन होता. पुढे आगगाडीचे झोपायचे डबे काढून त्याने नाव कमावले.

मला त्यातली एकच गोष्ट साडूंना सांगायची असते. इमारत उचलली की त्या लोकांनी तिच्याखाली नव्या भिंती बांधल्या, आणि मग जॅक काढले. उचलायचे काम जॅकचे, पेलायचे काम भिंतीचे.

पण साडूंचा जॅक स्क्रूचा नाही, तेलाचा आहे. आणि त्याचा स्वभाव वेगळा. त्याचे मूळ पास्कलच्या नियमात. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. बारीक दट्ट्या दाबला की जाड दट्ट्या मोठ्या जोराने उचलतो. फुकट मात्र काही नाही. जाड दट्ट्याचे क्षेत्रफळ पन्नासपट असेल, तर जोर पन्नासपट मिळतो, पण बारीक दट्ट्या पन्नास इंच दाबावा तेव्हा जाड दट्ट्या एक इंच वर. म्हणजे जमा आणि नावे शेवटी जुळतात. शाळेत मला पदार्थविज्ञान कळले नाही, कारण ते कोणी खतावणीच्या भाषेत सांगितले नाही.

या नियमावरून जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली दाबयंत्राचे पेटंट घेतले. हाच ब्रामा कुलपांसाठीही प्रसिद्ध. त्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलेले असे आणि ते किल्लीवाचून उघडील त्याला दोनशे गिनी, अशी पाटी. ते उघडायला १८५१ साल उजाडावे लागले. हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने पन्नासएक तास खटपट करून ते उघडले. आणि त्याच १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने हातात उचलून नेता येईल अशा तेलाच्या जॅकचे पेटंट घेतले. इतिहासाला कधीकधी ताळेबंद जुळवायची हौस येते.

ब्रामाची खरी डोकेदुखी गळतीची होती. दट्ट्याच्या कडेने पाणी निसटे. दाब वाढेल तसे अधिक घट्ट बसणारे चामड्याचे कडे वापरून ती मिटली. आज चामड्याच्या जागी रबर आले आहे, पण रबरालाही वय आहे. ते थकले की जॅक हळूहळू बसतो, आवाज न करता, बुडीत खात्यासारखा. म्हणून तेलाच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँडशिवाय कोणी जाऊ नये. जॅक हा कर्जदार, स्टँड हे जामीनदार. जॅक थोडा सोडून गाडीचा भार स्टँडवर टेकवायचा, बाजूने एक धक्का देऊन पाहायचा, मगच आत सरपटायचे. विटा हे जामीनदार नव्हेत. त्या ऐन वेळी फुटतात.

आता जीपची खास गोम. जुन्या विलिस जीपचा आणि १९४८ साली निघालेल्या लँड रोव्हरचा हँडब्रेक चाकांवर नसतो. मागच्या आसाकडे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. त्या आसात डिफरन्शिअल आहे. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यावे, हा त्याचा धर्म. पण शाफ्ट जखडला तरी एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरू शकते, हीही त्याची दयाळू वृत्ती. मागचे एक चाक जॅकवर अधांतरी झाले की ते बिनदिक्कत उलटे फिरते, जमिनीवरचे सुलटे फिरते, आणि हँडब्रेक करकचून ओढलेली जीप जॅकवरून शांतपणे चालू लागते. गिअरमध्ये टाकून उपयोग नाही. गिअरही तोच शाफ्ट धरतो.

हे मी साडूंना कागदावर काढून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग धरायचं कशाला?"

धरायचे दगडाने. आधी सपाट, कडक जमीन. माती असेल तर जॅकखाली जाड फळी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून पाचरी. फोर-व्हीलचा दांडा टाकून ठेवायचा (पुढच्या चाकांचे हब मोकळे असतील तर तेही जोडून), म्हणजे पुढची दोन्ही चाके त्याच शाफ्टाला बांधली जातात. नट गाडी खाली असतानाच अर्धे सैल करायचे, कारण अधांतरी चाकाशी झटापट म्हणजे जॅकशी झटापट. चाक बदलायचे तर जॅक आसाखाली. चासीखाली लावला तर आधी स्प्रिंगा लोंबतात, मग आस, आणि चाक उचलेपर्यंत जॅकची उंची संपते. आणि एक चाक वर असताना इंजिन सुरू करायचे नाही. दांडा टाकलेला असेल तर उरलेली तीन चाके गाडीला जॅकवरून खाली नेतात.

काढलेले चाक भिंतीला टेकवू नये. ते चासीखाली आडवे सरकवावे. सगळे जामीनदार पळाले तरी माणसाच्या छातीएवढी जागा त्याच्यामुळे उरते. मेकॅनिक मंडळी यासाठी स्टेपनीच सरकवतात. स्टेपनी हा शब्दही मोठा प्रवासी. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक विकायला काढले आणि त्याला रस्त्याचे नाव दिले. तिकडे आता तो शब्द बहुतेक विसरले. आपल्याकडे तो पंक्चरवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना येतो. आमच्या शाखेत तर कॅशियर रजेवर गेला की त्याच्या खिडकीत ज्याला बसवतात, त्यालाही स्टेपनी म्हणतात. या महिन्यात अकरा दिवस तो मी होतो.