थाट फनॉम: धातूचे चाकर आणि आमचे वतन

बौद्ध देशात जाऊन आलेला आपला माणूस बहुधा दोनच गोष्टी सांगतो. विहार किती देखणे आणि लोक किती शांत. थायलंडच्या ईशान्येला, मेकाँग नदीच्या काठावरच्या थाट फनॉमला आम्ही गेलो ते वेगळा प्रश्न घेऊन. जिथे शेकडो वर्षे बुद्धाला वंदन होत आले, तिथे राबणाऱ्याचे काय झाले?

गाव भातशेतीचे. जेवणात चिकट भात, बोली लाओ भाषेच्या जवळची आणि नदीपलीकडे लाओसच. गावाचा केंद्रबिंदू म्हणजे पन्नास मीटरहून उंच चौकोनी स्तूप. त्याच्या नावातला 'थाट' म्हणजे आपल्या पालीतला 'धातु'. बुद्धाच्या छातीची अस्थी इथे ठेवली आहे, अशी परंपरा. ११ ऑगस्ट १९७५ रोजी संततधार पावसात हा स्तूप कोसळला. ढिगाऱ्यातून अस्थी मिळाल्या, लोकांनी दान दिले आणि १९७९ पर्यंत तो पुन्हा उभा राहिला. मार्गदर्शक पुस्तके इथे थांबतात.

आमचे लक्ष मात्र 'खा ओकात' या शब्दाकडे होते. खा म्हणजे चाकर. स्तूपाला वाहिलेली ही माणसे, त्यांची अख्खी गावे. सरकारी वेठ त्यांना माफ, पण स्तूपाची देखभाल आणि सेवा त्यांच्या माथी, आणि ती पिढीजात. ओळखीचे वाटते ना? महार वतन आणखी काय होते?

आपल्यातले काही वक्ते ठासून सांगतात की बौद्ध देशांत गुलामी नव्हतीच. हे खोटे आहे, आणि खोट्याच्या आधारावर धम्माची बाजू मांडू नये. विरोधक ते एका फटक्यात पाडतात. सयामात गुलामी होती. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला आजही विचारतात, 'भुजिस्सोसि?' म्हणजे, तू दास नाहीस ना? दासाला मालकाच्या तावडीतून सुटल्याशिवाय संघात घेत नसत. आता हेही बघा की त्या प्रश्नांत जात कुठेच नाही. उपाली न्हावी होता, सुनीत झाडूवाला होता आणि दोघेही भिक्खू झाले, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम नोंदवले आहे. दास्य ही स्थिती होती, ती सुटू शकत होती. अस्पृश्यता सुटत नव्हती. आमच्या मते सगळा फरक इथे आहे.

१८७४ साल पाहा. त्या वर्षी राजा चुलालाँगकोर्नने फर्मान काढले की १८६८ पासून जन्मलेल्या गुलामांच्या मुलांची किंमत वयाबरोबर घटत जाईल आणि एकविसाव्या वर्षी ती मुक्त होतील. १९०५ च्या कायद्याने गुलामी संपवली. त्याच १८७४ साली मुंबई सरकार काय करत होते? वंशपरंपरागत वतनांचा कायदा करून आमची वेठ कागदावर पक्की करत होते. त्यात बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक आणले, पण ते पुढे जाऊ शकले नाही. कनिष्ठ गाववतने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

म्हणून राजाला देव करण्याचे कारण नाही. सरदारांच्या हातातली माणसे काढून थेट आपल्या कराखाली आणणे हाही त्याचा हेतू होता. १९०१-०२ मध्ये याच ईसान भागातले शेतकरी उठले तेव्हा बँकॉकच्या फौजेने त्यांना गोळ्या घातल्या. आजही राजदरबाराच्या नांगरणी समारंभात ब्राह्मण पुरोहित लागतातच, आणि १९२८ साली संघराजाने स्त्रियांना दीक्षा देऊ नये असा आदेश काढला, तो अजून आडवा येतो. बौद्ध देश म्हणून या गोष्टींकडे डोळेझाक करायची, हे आम्हाला मान्य नाही.

माघ पौर्णिमेच्या सुमाराला थाट फनॉमची मोठी जत्रा भरते. खा ओकातांचे वंशज तेव्हा धान घेऊन येतात आणि पूर्वजांची सेवा आपल्या हाताने स्तूपाला वाहतात. आपण कोणाचे वंशज हे ते उघडपणे सांगतात. या अभिमानात जुनी गुलामी गोड करून घेण्याचा धोका आहेच. पण शिवल्याने विटाळ होईल म्हणून त्यांना कोणी दूर उभे करत नाही. आपल्याकडे बलुत्याचे धान्य पदरात वरून टाकत.