वेस्टनबर्टचा वाडा, त्याची झाडे आणि हलवलेले गाव

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात टेटबरीजवळ वेस्टनबर्ट नावाचे ठिकाण आहे. शरद ऋतूत तेथील जपानी मेपल लाल-केशरी होतात आणि ते पाहायला लोकांची रीघ लागते. या रंगवैभवामागे लंडनकरांच्या पिण्याच्या पाण्याचा पैसा आहे आणि एका हलवलेल्या गावाची हकिगतही. आजचा धागा त्याविषयी.

१६१३ साली लंडनला बाहेरून पाणी पुरवणारा ‘न्यू रिव्हर’ हा कालवा पूर्ण झाला. पुढे शहर वाढत गेले, तसे या कालव्याच्या कंपनीचे समभागही अतोनात वधारले. होलफर्ड घराण्याच्या श्रीमंतीचा उगम तेथेच होता. या घराण्यातील रॉबर्ट होलफर्ड याने १८२९ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, वेस्टनबर्टला वृक्षसंग्रह उभारण्यास आरंभ केला.

तो काळच वनस्पतींच्या वेडाचा होता. डेव्हिड डग्लससारखे संग्राहक उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून नवनवीन सूचिपर्णी वृक्षांचे बी पाठवीत आणि धनिक मंडळी ते आपल्या जमिनीत रुजवीत. हौस अनेकांना होती, पण झाडे नुसती गोळा करणे वेगळे आणि त्यांची रचना करणे वेगळे. होलफर्डने यू, होम ओक अशा सदाहरित वृक्षांचे दाट पट्टे लावले. त्यांनी वारा अडला, कोवळ्या परदेशी रोपांना आडोसा मिळाला आणि शरदातल्या मेपलच्या ज्वाळांना काळसर हिरवी पार्श्वभूमी लाभली. त्यांमधून जाणारे रुंद हिरवे मार्ग त्याने वाड्याच्या दिशेशी जुळवून आखले. लावलेले झाड पूर्ण वाढलेले पाहणे आपल्या नशिबी नाही, हे अशी आखणी करणाऱ्याला ठाऊक असणारच. या दूरदृष्टीला दाद द्यावीच लागते.

मात्र याच दृष्टीला वाड्याजवळचे गाव खुपले. एकांत हवा म्हणून होलफर्डने वेस्टनबर्ट गाव तेथून उठवून थोड्या अंतरावर नव्याने वसवले. नवी घरे बरी असतीलही, पण गावाने कोठे राहावे हे ठरवण्याचा अधिकार एका जमीनदाराकडे होता, ही गोष्ट त्याने उरत नाही असे नाही. मग १८६३ ते १८७० या काळात लुईस वल्यमी या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार एलिझाबेथकालीन शैलीचा भव्य वाडा उभा राहिला.

रॉबर्ट १८९२ मध्ये वारला. त्याचा मुलगा सर जॉर्ज याने संग्रह पुष्कळ वाढवला. त्याला ऑर्किडचाही विलक्षण नाद होता. पण तो १९२६ मध्ये निपुत्रिक गेला आणि वाडा व झाडे यांची ताटातूट झाली. वाडा विकला गेला आणि १९२८ मध्ये तेथे मुलींची शाळा सुरू झाली. वृक्षोद्यान भाच्याकडे, म्हणजे मॉर्लीच्या अर्लकडे गेले. त्याच्या मृत्यूनंतर वारसाकरापोटी ते सरकारजमा झाले आणि १९५६ मध्ये वन आयोगाच्या ताब्यात आले. एका कुटुंबाच्या खासगी विहारासाठी आखलेल्या त्या हिरव्या मार्गांवरून आता कोणीही तिकीट काढून फिरू शकतो. सुमारे ६०० एकरांत आज तेथे जवळपास १५,००० झाडे आहेत.

वाडा आणि वृक्षोद्यान यांच्यामधून आता रहदारीचा रस्ता जातो. गाव हलले, पण सेंट कॅथरिनचे जुने चर्च हलवले गेले नाही. ते अजूनही वाड्याच्या आवारातच उभे आहे.