दक्षिणायनान्त आणि नाताळची तिथी

नाताळ हा मूळचा सूर्याचा सण असून ख्रिस्तसभेने तो रोमन लोकांकडून उचलला, असे विधान सुशिक्षितांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. तरुण श्रद्धावंत हाच प्रश्न घेऊन धर्मशिक्षकाकडे येतात. त्यांना झिडकारणे उचित नव्हे, तसेच ऐकीव विधानाला मान डोलावणेही उचित नव्हे. म्हणून उपलब्ध पुराव्याचा थोडक्यात परामर्श येथे घेत आहोत.

इ. स. पूर्व ४५ मध्ये सुरू झालेल्या जूलियन कालगणनेत दक्षिणायनाचा अंत, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवस, परंपरेने २५ डिसेंबरला मानला जाई. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये रोम येथे सूर्यदेवाचे मंदिर प्रतिष्ठापिले, हे खरे. तथापि तो दिवस २५ डिसेंबर होता असे सांगणारा समकालीन लेख नाही. त्या तारखेच्या ‘अजिंक्या’च्या जन्मोत्सवाचा पहिला स्पष्ट उल्लेख इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगसंग्रहात आढळतो. त्याच संग्रहातील, इ. स. ३३६ च्या सुमाराच्या हुतात्म्यांच्या यादीत, त्याच तारखेस ख्रिस्त बेथलेहेमात जन्मल्याची नोंद आहे. कोणी कोणाचे अनुकरण केले, याचा निर्णय एवढ्यावरून होत नाही.

दुसरी एक परंपराही ध्यानात घेतली पाहिजे. प्रभूचे मरण २५ मार्चला झाले, अशी गणना पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत तिसऱ्या शतकाच्या आरंभापासून आढळते. गर्भधारणा व मरण एकाच तारखेस घडले, असे संत ऑगस्टीन नमूद करतात. त्यापुढे नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. दोन्ही मतांना आजही विद्वान पुरस्कर्ते आहेत.

सूर्याचे प्रतीक मात्र धर्मपित्यांनी नाकारले नाही. या दिवसापासून प्रकाश वाढू लागतो, हे ऑगस्टीन आपल्या प्रवचनांत सांगतात. पण सण सूर्याचा नव्हे, सूर्य निर्माण करणाऱ्याचा, असेही बजावतात. संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून उगवत्या सूर्याला वाकणाऱ्या ख्रिस्ती लोकांची पोप लिओ (इ. स. ४४०–४६१) यांनी कानउघाडणी केली. धोका खरा होता, म्हणूनच भेद स्पष्ट करावा लागला.

पुढे आकाश आणि पंचांग यांची फारकत झाली. जूलियन वर्ष सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने १२८ वर्षांत एक दिवसाचा फरक पडे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले: ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर आला. परंतु त्यांनी वसंतसंपात नायसियाच्या धर्मपरिषदेच्या (इ. स. ३२५) काळाप्रमाणे २१ मार्चला आणला, सीझरच्या काळाप्रमाणे नव्हे. त्यामुळे अयनान्त २१ किंवा २२ डिसेंबरला येतो आणि नाताळ त्यानंतर तीन-चार दिवसांनी.

आपल्या शेजारी साजऱ्या होणाऱ्या मकरसंक्रांतीचेही तसेच आहे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी ती अयनान्ताशी जुळत असे. निरयन गणनेमुळे ती आज १४ जानेवारीच्या आसपास येते. भारताच्या राष्ट्रीय पंचांगात मात्र, जे २२ मार्च १९५७ पासून प्रचारात आले, पौष महिना २२ डिसेंबरलाच सुरू होतो. तारीख सरकली म्हणून शेजाऱ्याचा सण खोटा ठरत नाही, आणि आपलाही नाही.

तेव्हा विचारणाऱ्यास आपण निःसंकोच सांगावे की, प्रभूच्या जन्माचा दिवस शुभवर्तमानात दिलेला नाही. आपली श्रद्धा तारखेवर नव्हे, घडलेल्या देहधारणेवर उभी आहे. एवढे स्पष्ट झाले म्हणजे सूर्याच्या साक्षीचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही.