पुठ्ठ्याचे पार्थेनॉन

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी प्राचीन ग्रीस नेमलेला आहे. कॅलिफोर्नियात तो सहावीत येतो. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही एखाद्या रविवारी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा, गोंद आणि टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या पसरतात आणि सोमवारी पार्थेनॉन शाळेत जाते. प्रकल्प आईने केला की मुलाने, हा वाद जुना आहे आणि इथे गौण आहे. मुद्दा त्यामागच्या समजुतीचा आहे.

ती समजूत अशी: पुस्तकातला ग्रीस मुलांच्या डोक्यावरून जातो, वाचलेले चार दिवसांत उडते, पण हाताने केलेले जन्मभर लक्षात राहते. म्हणून ढाली कराव्यात, रंगीत कुंभ करावेत, ‘ग्रीक दिवस’ साजरा करावा. हा पूर्वपक्ष टाकाऊ नाही. ‘अथेन्समध्ये लोकशाही होती’ हे वाक्य घोकून पाचपैकी पाच गुण मिळवणाऱ्या मुलाला ग्रीस कळला, असे कोण म्हणेल? हात कामाला लागावेत, हे मलाही मान्य आहे. मात्र हाताने केले म्हणजे आपोआप कळले, हे मान्य नाही.

त्या नळ्यांच्या पार्थेनॉनकडेच नीट पाहू. मूळ मंदिराला दर्शनी बाजूला आठ आणि लांबीच्या बाजूला सतरा खांब आहेत. प्रकल्पात बुटांच्या खोक्यावर मावतील तितके असतात. खरे खांब मध्यावर किंचित फुगीर आहेत, आतल्या बाजूला जरा कललेले आहेत, कोपऱ्यातले इतरांपेक्षा जाड आहेत, आणि ज्या चौथऱ्यावर ते उभे आहेत तोही मध्यभागी हलकेच उंचावलेला आहे. इ.स.पू. ४४७ मध्ये काम सुरू झालेल्या या इमारतीत अगदी सरळ रेघ शोधावीच लागते, आणि इक्टिनस व कॅलिक्रेटीस या वास्तुकारांची करामत तिथेच आहे. पुठ्ठ्याची नळी नेमके उलटे शिकवते. वरून पांढरा रंग! मूळ शिल्पे रंगवलेली होती. त्यांच्यावर निळ्या रंगाचे अंश सापडले आहेत. अर्थात या बाबतीत मुलांना हसायचे कारण नाही. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये याच मंदिरातली शिल्पे पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून ती धातूच्या हत्यारांनी घासली गेली होती.

‘ग्रीक दिवसा’चीही तीच गत. खांद्यावरून चादर घेऊन मुले ‘टोगा’ घालतात, टोगा रोमनांचा. ताटात टोमॅटो असतो. तो अमेरिका खंडातून युरोपात पोचला तोवर अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याला जाऊन जवळजवळ दोन हजार वर्षे झाली होती. ‘इलियड’ शिकवून झाले की ट्रॉयचा लाकडी घोडा करायला सांगतात. ‘इलियड’ हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपते, घोडा त्यात येतच नाही.

यावर प्रकल्पांचे कैवारी म्हणतील, तपशिलाच्या चुका आहेत, दुरुस्त करू. पण सतरा खांब लावले, निळा रंग दिला, टोमॅटो काढून टाकला, तरी मूळ दोष राहतोच. असा प्रकल्प फसू शकत नाही. पुठ्ठ्याचे देऊळ कसेही केले तरी देऊळच दिसते आणि शाबासकी ठरलेली असते. समोरच्या वस्तूने ‘नाही, असे नव्हे’ म्हणून हात अडवला नाही, तर त्या हाताने शिकायचे काय? मूल पुठ्ठ्याचे आणि गोंदाचे गुणधर्म शिकते, ग्रीकांचे नाही.

या पद्धतीच्या पाठीशी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईचे नाव उभे केले जाते. प्रकल्प पद्धतीला तिचे नाव आणि रूप दिले ते ड्युईच्या शिष्याने, विल्यम किलपॅट्रिकने, १९१८ च्या निबंधात. खुद्द ड्युईने १९३८ मध्ये ‘एक्सपिरिअन्स अँड एज्युकेशन’ लिहून बजावले की शिक्षण अनुभवातून होते याचा अर्थ कोणताही अनुभव शिक्षण ठरतो असा नाही. हे पुस्तक सोयीस्करपणे कपाटात राहते. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत मुलांच्या हाती टकळी दिली गेली. सूत वाईट कातले की तुटते. तिथे गुरुजींच्या कौतुकाचा उपयोग नाही.

मग ग्रीकांची टकळी कोणती? त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तू नव्हेत, ते जे करत होते ते करून पाहावे.

खापरांचे मतदान घ्या. अथेन्सचे नागरिक एखादा पुढारी डोईजड झाला असे वाटले की फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचे नाव कोरत आणि त्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवत. त्याची मालमत्ता मात्र त्याचीच राही. वर्गात फुटक्या कुंडीचे तुकडे आणि खिळे वाटावेत. मते वर्गमित्रांविरुद्ध नकोत, ती गुंडगिरी होईल. थेमिस्टोक्लीज आणि ॲरिस्टायडीज या अथेन्सच्या दोन प्रतिस्पर्धी पुढाऱ्यांतून निवड करायची. पहिल्या दोन मिनिटांतच कळते की भाजलेल्या मातीवर नाव कोरणे सोपे नाही: खिळा घसरतो, अक्षर वाकडे जाते, आणि ‘थेमिस्टोक्लीज, निओक्लीजचा मुलगा’ एवढे लिहायला तुकडा पुरत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न मुलेच विचारतात.

पण खरी मजा पुढे आहे. शिक्षकाने चार मुलांना आधीच गुपचूप तीस खापरे कोरून ठेवायला सांगावे आणि ती इतरांत मिसळावीत. मग वर्गाने अक्षरांच्या वळणावरून ओळखावे, किती हात होते? अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९३७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑस्कर ब्रोनियर यांना अशी सुमारे १९० खापरे सापडली. सगळ्यांवर थेमिस्टोक्लीजचे नाव आणि लिहिणारे हात अवघे चौदा! कोणीतरी मते तयार करून ठेवली होती, वाटायला. लोकशाहीवरच्या धड्यात हे सांगता येते, पण ओळखताना चुकलेल्या, एकाच मुलाची खापरे दोघांची समजून बसलेल्या वर्गाला पुराव्याचे वजन वेगळेच जाणवते. इथे प्रकल्प फसला तरी काम करतो.

दुसरे उदाहरण सावलीचे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परिघ मोजणाऱ्या ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने ऐकलेले होते की सायीनला (आजच्या आस्वानला) उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट विहिरीत दिसतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात तो माथ्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका ढळलेला असे. दोन्ही शहरांतले अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीकांचे अंतराचे माप), म्हणून पृथ्वीचा परिघ अडीच लाख. यासाठी इजिप्तला जायला नको. धुळे आणि कोल्हापूर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. २२ डिसेंबरला एक मीटरच्या काठीची सर्वांत आखूड सावली धुळ्यात सुमारे ९८ सेंटिमीटर, कोल्हापुरात सुमारे ८४. दोन शाळांनी फोनवर आकडे सांगायचे, काठी-सावलीचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढायचा, कोनमापक लावायचा. फरक येतो साधारण ४.२ अंश, दक्षिणोत्तर अंतर ४६५ किलोमीटरच्या आसपास, उरला गुणाकार. त्रिकोणमिती लागत नाही, तेव्हा ‘एवढ्या लहान मुलांना झेपणार नाही’ हा आक्षेप टिकत नाही. मात्र एका गावची सावली मोजताना एक सेंटिमीटर चुकला की पृथ्वीचा परिघ अडीच-तीन हजार किलोमीटरने हलतो, आणि सावलीची कड तर पुसट असते. काठी ओळंब्यात नसली तर विचारूच नका.

शेवटचा आक्षेप शाळांचा असतो आणि तो प्रामाणिक आहे: पालकसभेत भिंतीवर लावायला काहीतरी हवे, खापरांचे तुकडे आणि चुकलेले गणित कोण बघणार? लावावे की चुकलेले गणित, शेजारी चुकीचे कारण लिहून. एराटोस्थेनिसच्या गृहीतकांत तरी कुठे सगळे बरोबर होते? त्याने सायीन अलेक्झांड्रियाच्या नेमके दक्षिणेला धरले होते. ते सुमारे तीन अंश पूर्वेला आहे, आणि कर्कवृत्ताच्याही थोडे उत्तरेला.