माळवदाचे ओझे

इंग्लंडमधल्या जमीनदारांची जुनी घरे बाहेरून पाहिली जावीत म्हणून बांधलेली असतात. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थच्या रांगेने बसवलेल्या खिडक्या नदीकडे आणि हिरवळीकडे पाहतात. आमच्या रेणापूर भागातला वाडा याच्या अगदी उलट. गल्लीकडे नुसती जाड दगडी भिंत आणि दिंडी दरवाजा. वैभव सगळे आत. ढाळज ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी, सागवानी खांब, भिंतींत देवळ्या, धान्याला बळद.

वाडा देशमुखाचा असो की घर साध्या कुणब्याचे, रीत एकच. घर मोजायचे ते खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचण आणि वर मातीचे माळवद. छताचा भार मुख्यतः लाकडाने पेलायचा आणि भिंतीने आडोसा द्यायचा, असा हा हिशेब. श्रीमंती दिसायची ती खणांच्या संख्येत आणि खांबांवरच्या नक्षीत.

माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पण ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकावी लागते. आजोबांनी टाकली, बापाने टाकली, मुलाने टाकली. जुनी माती काढण्याचा मात्र फारसा रिवाज नव्हता. थरावर थर चढत गेले. ज्या काळजीने घर राखले, त्याच काळजीने त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढवले.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाहून आलेली माणसे गाढ झोपेत असताना पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूर शहराच्या दक्षिणेला किल्लारी, उत्तरेला रेणापूर. बांधणी मात्र दोन्हीकडे सारखीच. भिंती दोन पदरी, मध्ये मातीगोट्यांची भर आणि दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे नाहीत. हादऱ्याने पदर सुटले आणि भिंती ढासळल्या. अनेक ठिकाणी भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिलेला दिसला, याची नोंद अभ्यासकांनी केली आहे.

पुढे दुरुस्तीचे जे उपाय सांगितले गेले, तेही याच रीतीतले होते: माळवदावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड बसवा, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपा आधार द्या. पण ज्यांनी ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढली, त्यांना पुन्हा दगडमातीखाली झोपा असे कोण सांगणार? लोकांनी सिमेंटचा स्लॅब मागितला. 52 गावे नव्या जागी वसली, सरळ रस्त्यांची, आखीव. तिथल्या घरांना ओसरी-चौक उरला नाही.

भूकंपाने आमचा विश्वास उडवला, तो मला समजतो. तरीही दोष कशाचा होता, हे नीट सांगायला हवे. दोष होता सैल भिंतीचा आणि साचत गेलेल्या मातीचा. खणांच्या रीतीचा तो नव्हता. आज जुने वाडे उतरवताना आधी निघतो तो सागवान, कारण त्याला भाव आहे. निदान उरलेल्या वाड्यांचे खण मोजून, नकाशे काढून ठेवावेत, असे मला वाटते. पुढच्या पिढीला स्लॅबखाली उकडू लागेल, तेव्हा तिला कुठून तरी सुरुवात करावी लागेल.