रेल्वेमार्गाचे पादचारी मार्गात रूपांतर

वापरातून गेलेल्या लोहमार्गाची पट्टी चालण्यासाठी किंवा सायकलसाठी खुली करण्याची पद्धत. रूळ आणि स्लीपर काढले, तरी भराव, पूल व मंद चढ शिल्लक राहतात, म्हणून अशी वाट म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवाल्यांनाही झेपते. मात्र जुन्या लाकडी स्लीपरांतील क्रिओसोट (लाकूड टिकवण्याचे विषारी तेल) मातीत मुरलेले असते. तिची तपासणी टाळू नये.

शहरातील ठळक उदाहरण पॅरिसचे. बास्तीय स्थानकाचा मार्ग १९६९ मध्ये बंद पडला आणि १९९३ मध्ये त्यावर उंच उद्यानवाट सुरू झाली. खालच्या कमानींत कारागिरांची दुकाने आली. न्यूयॉर्कच्या हाय लाइन या उंच लोहमार्गावर शेवटची मालगाडी १९८० मध्ये धावली. १९९९ मध्ये नागरिकांनी ती पाडू न देण्यासाठी संघटना काढली आणि २००९ मध्ये पहिला टप्पा खुला झाला. कौतुक योग्यच, पण आसपासची घरे महागली हेही नोंदवायला हवे.

महाराष्ट्रात बंद मार्ग मोजकेच, कारण अरुंद मार्गांचे बहुधा रुंदीकरण होते. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे तशीच ब्रॉडगेज झाली. या प्रयोगाला खरी जागा बोरघाटात आहे : १८६३ चा, ३७ मीटरला १ मीटर चढणारा खंडाळ्याचा रिव्हर्सिंग स्टेशनचा (जिथे गाडीची दिशा उलटवली जाई) मार्ग १९२९ मध्ये सोडून देण्यात आला.