सेल्फ

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस मायलेजच्या आधी एक प्रश्न विचारतो, "सेल्फ आहे ना?" मूळ शब्द 'सेल्फ स्टार्टर'. त्यातला 'स्टार्टर' आपण वाटेत कुठेतरी सांडला आणि नुसता 'सेल्फ' ठेवला. सेल्फ मारतात, सेल्फ घेत नाही, सेल्फ जळतो. मला हा शब्द फार आवडतो, कारण इंजिन स्वतःचं स्वतः सुरू होणं ही एकेकाळी केवढी नवलाची गोष्ट होती, ते त्यात अजून शिल्लक आहे.

त्याआधी इंजिन माणसाच्या दंडावर सुरू व्हायचं. मोटारीला आणि ट्रॅक्टरला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचं, मोटारसायकलला किक मारायची. पेट्रोल इंजिनात पिस्टन पूर्ण वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. इंजिन जोरात फिरत असताना ते बरोबर असतं, पण हाताने हळूहळू फिरवताना ठिणगी लवकर पडली तर पिस्टन उलटा ढकलला जातो आणि हँडल धरलेल्या माणसाचं मनगट मोडतं. म्हणून जुन्या गाड्यांना ठिणगी उशिरा पाडण्यासाठी एक वेगळा दांडा असायचा. तो मागे घ्यायला विसरलं की दवाखाना. बुलेटवाल्यांना 'उलटी किक' काय असते ते सांगायला नको.

ठिणगी कुठून आणायची, हा त्याहून जुना प्रश्न. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्यासोबत स्पार्क प्लग बनवला. मॅग्नेटो म्हणजे सायकलच्या टायरवर घासून दिवा लावणाऱ्या डायनेमोचा थोरला भाऊ. चुंबक, तार आणि फिरणं एवढ्यावर तो वीज करतो, बॅटरी लागतच नाही. गोची एकच, हळू फिरवला की ठिणगीही मरतुकडी. किक 'दमात' मारावी लागते ती याचसाठी.

मग अमेरिकेतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग आला. हा माणूस आधी दुकानाच्या गल्ल्याच्या यंत्रात काम करायचा. गल्ल्याचा खण विजेवर उघडण्यासाठी त्याने छोटी मोटर बसवली होती. तिथे त्याला एक गोष्ट कळली होती: मोटरला दिवसभर राबायचं नसेल, काही सेकंदांचंच काम असेल, तर लहान मोटरकडूनही तिच्या ताकदीबाहेरचं काम करून घेता येतं. बाकीचे लोक इंजिन फिरवायला केवढी तरी मोठी मोटर लागेल असा हिशोब मांडून बसले होते. केटरिंगचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. बटण दाबलं की थोडा वेळ दांडगाई, मग विश्रांती. सेल्फ सलग दाबून धरू नये, दमाने घ्यावा, असं मेकॅनिक सांगतात त्याचं मूळ या गल्ल्यात आहे.

बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर ठिणगी पाडायची पद्धतही त्याचीच. पॉइंट मिटले की कॉइलमधून करंट वाहतो, उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे जातो. कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी आवरतो, नाहीतर पॉइंट जळून जातात.

आपल्याकडे हे तंत्र घराघरांत पोचलं ते मोटारसायकलींमुळे. मद्रासला १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली, पुढे म्हैसूरला जावा आणि मग येझदी. सेल्फ नाही, सगळा कारभार किकचा. जावाच्या एकाच दांड्याने किकही मारायची आणि गिअरही टाकायचा, तरी तिची नखरेल म्हणून ख्याती नाही. ती बुलेटची. पण बुलेटच्या हेडलाइटच्या घरावर एक अँपिअर मीटर होता, आणि माझ्या मते रस्त्यावरचा तो सगळ्यात चांगला शिक्षक होता. चावी चालू करून किक सावकाश दाबायची. पॉइंट मिटलेले असले की काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आणि किक घट्ट, म्हणजे पिस्टन वर आलाय. डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण किक. अंगापिंडाने किरकोळ माणसं अशी पहिल्या किकमध्ये गाडी उठवायची आणि पैलवान घाम पुसत बसायचे.

बिघाडही उघडे होते. प्लग काढून इंजिनाला टेकवायचा, किक मारून ठिणगी बघायची. नसेल तर पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. १९८५ च्या आसपास शंभर सीसीच्या जपानी धाटणीच्या गाड्या सीडीआय घेऊन आल्या आणि पॉइंट संपले. गाड्या सुधारल्या यात वाद नाही. पण काळी डबी उघडून बघण्यासारखं काही उरलं नाही, ती बदलायची.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टाससोबत कंपनी काढली आणि कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. डिझेल इंजिनाला ठिणगीच लागत नाही, दाबल्याने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. म्हणजे जुन्या ट्रॅक्टरचा विजेचा आजार मुख्यतः एकच, सेल्फ फिरत नाही. आणि त्यात नव्वद टक्के वेळा बॅटरीला शिव्या बसतात.

जरा हिशोब बघा. ट्रॅक्टरचा सेल्फ दोनशे अँपिअर सहज ओढतो. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी चढून फक्त ०.०२ ओहमचा अडथळा झाला, तर तिथेच चार व्होल्ट खाल्ले जातात. बारातले उरले आठ. हेडलाइटला मात्र पाच अँपिअर पुरतात, तिथे त्याच सांध्यावर ०.१ व्होल्ट जातो. म्हणून लाइट लख्ख आणि सेल्फ नुसता 'टक्'. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांत तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागायचा, म्हणजे दुखणं आणखी मोठं. लाइट लावून सेल्फ मारायचा: लाइट विझू लागला तर बॅटरी किंवा टर्मिनल, तसाच राहिला तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही.

माझ्या मामांनी खंडेनवमीला पूजा करायची म्हणून ट्रॅक्टर अख्खा रंगवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी सेल्फ बंद. गावातल्या वायरमनने बॅटरीकडे बघितलंही नाही. अर्थिंगची पट्टी सोडवली, तिच्याखालचा ताजा लाल रंग कानशीने खरवडला आणि पट्टी परत आवळली. पाच मिनिटांचं काम. (ब्रिटिश घडणीच्या कित्येक जुन्या गाड्यांत अर्थिंग पॉझिटिव्हची असते. तिथे सवयीने उलटी बॅटरी जोडणाऱ्यांनी डायोड जाळले आहेत.)

पण वायरमन येईपर्यंत थांबतं कोण? मग खाली उतरून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना आडवा टेकवतात. ठिणग्या उडतात आणि इंजिन सुरू होतं. गावोगाव हे चालतं, आणि ज्याला जमतं त्याला हुशार समजतात. सेल्फ इंजिनाच्या बाजूला असतो, म्हणजे पाना लावणारा बरोबर मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो त्याच क्षणी निघतो. पेट्रोल गाडीत चावी बंद असली तर निदान ठिणगी पडत नाही. जुन्या डिझेलला चावीशी देणंघेणंच नाही, स्टॉपचा दांडा ओढेपर्यंत ते चालणार, आणि दांडा वर सीटपाशी. हेच टाळायला पुढच्या ट्रॅक्टरांत गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय, किंवा क्लच दाबल्याशिवाय, सेल्फला करंट न देणारा स्विच आला. तो बिघडला की बरेच जण दोन वायरी पिळून 'डायरेक्ट' करतात. आणि पान्यासमोर तर हा स्विच चांगला असूनही उपयोगाचा नाही, कारण पाना त्याला वळसा घालूनच जातो. जुना ट्रॅक्टर घेताना टायर आणि हायड्रॉलिक सगळेच बघतात. तुम्ही सीटवर बसा, हँडब्रेक ओढा, समोर कुणी नाही याची खात्री करा आणि स्टॉपचा दांडा ओढून धरा. मग गिअर टाकून, क्लच न दाबता, क्षणभर सेल्फ मारून बघा. ज्याला हा स्विच असतो त्या ट्रॅक्टरने हूं की चूं करता कामा नये. धक्का देऊन हलला, तर मालकाला विचारा, वायरी कुणी पिळल्या.